हिलक्लाइंब आणि स्प्रिंट : रोजच्या गाडीने सुरुवात कशी करावी? (इंग्लंड, मिडलँड्स)

कोव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा पिंपरी-चिंचवडचा असून वाहन उद्योगातील नोकरीनिमित्त कोव्हेंट्री येथे स्थायिक झालो आहे. या भागात आपल्याकडचे बरेच वाहन-अभियंते असल्यामुळे माझ्या प्रश्नांची उत्तरे मराठीतच मिळतील, अशी आशा वाटते.

गेल्या उन्हाळ्यात एका सहकाऱ्याबरोबर शेल्सली वॉल्श येथील हिलक्लाइंब, म्हणजे टेकडीच्या चढावर वेळ लावून गाड्या पळवण्याची स्पर्धा, पाहण्यास गेलो होतो. लाखो पौंडांच्या रेसिंग गाड्यांबरोबरच तिथे साध्या हॅचबॅक गाड्याही त्याच टेकडीवर धावत होत्या आणि त्यांतील काही जण स्पर्धा संपल्यावर त्याच गाडीत सामान भरून घरी निघाले, हे पाहून आपणही यात उतरावे असे मनात आले. माझ्याकडे २००७ सालची, दोन लिटर इंजिनाची फोर्ड फिएस्टा एसटी आहे. गाडी उत्तम स्थितीत आहे. परंतु मी तीच घेऊन कामावरही जातो. परवाना, पोशाख आणि गाडीतील बदल यांपैकी सुरुवातीला नेमके काय लागते, खर्च कितपत येतो आणि पहिली स्पर्धा कोणत्या ठिकाणी करावी, यासंबंधी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

टेकाडकर

कोव्हेंट्रीकर, या छंदासाठी आपण अगदी मोक्याच्या जागी राहता. वूस्टरशरमधील शेल्सली वॉल्श, चेल्टनहॅमजवळील प्रेस्कॉट, श्रॉपशरमधील लोटन पार्क आणि स्प्रिंटसाठी लिचफील्डजवळील कर्बरो ही चारही ठिकाणे आपल्याला पहाटे निघून सकाळच्या नोंदणीपर्यंत गाठता येतील.

प्रथम दोन्ही प्रकारांतील फरक सांगतो. दोन्हींत एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते आणि शेजारी कोणीही प्रतिस्पर्धी नसतो. हिलक्लाइंबचा मार्ग चढाचा आणि बहुधा अरुंद असतो, तर स्प्रिंट सपाट जागी, म्हणजे एखाद्या सर्किटवर, जुन्या धावपट्टीवर किंवा कर्बरोसारख्या खास बांधलेल्या मार्गावर होते. या स्पर्धा खासगी टेकड्यांवर का होतात, यामागे इतिहास आहे. १९२५ सालच्या मार्चमध्ये बकिंगहॅमशरमधील कॉप हिल येथे सार्वजनिक रस्त्यावर चाललेल्या स्पर्धेत एक प्रेक्षक जखमी झाला आणि त्यानंतर रॉयल ऑटोमोबाइल क्लबने सार्वजनिक रस्त्यांवरील स्पर्धांना परवानगी देणेच बंद केले. तेव्हापासून ब्रिटनच्या मुख्य भूमीवर हा खेळ खासगी जमिनीवर तग धरून राहिला. मिडलँड ऑटोमोबाइल क्लबने १९०५ साली सुरू केलेली शेल्सलीची टेकडी त्यामुळेच अधिक महत्त्वाची ठरली, आणि बुगाटी ओनर्स क्लबने १९३७ साली प्रेस्कॉटची जागा विकत घेऊन पुढच्याच वर्षी तिथे स्पर्धा भरवली. विख्यात रेसिंग चालक स्टर्लिंग मॉस यांनी आपल्या कारकिर्दीच्या आरंभी, १९४८ साली, छोटी कूपर ५०० घेऊन याच प्रेस्कॉटला भाग घेतला होता. आजही या जागा सांभाळणारे लोक बहुतांशी क्लबचे हौशी सभासद आहेत. नवख्या माणसाला तिथे जी आपुलकी मिळते, तिचे मूळ मला यातच दिसते.

आता परवान्याविषयी. सर्व कारभार मोटरस्पोर्ट यूके या संस्थेच्या नियमांनुसार चालतो. प्राथमिक पातळीचा क्लबमन परवाना ऑनलाइन व विनाशुल्क मिळतो. वरच्या पातळीच्या स्पर्धांसाठी सशुल्क परवाना लागतो. याखेरीज आयोजक क्लबचे किंवा त्याने निमंत्रित केलेल्या एखाद्या क्लबचे सभासद असावे लागते. प्रत्येक स्पर्धेची स्वतंत्र पूरक नियमावली निघते. कोणता परवाना चालेल, गाड्यांचे कोणते वर्ग आहेत आणि कोणत्या क्लबच्या सभासदांना प्रवेश आहे, हे तिच्यात स्पष्ट लिहिलेले असते. नवे लोक ती वाचत नाहीत आणि मग तेच प्रश्न आयोजकांना विचारत बसतात. आपण ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

पोशाखाच्या बाबतीत काटकसरीला मर्यादा आहेत. हेल्मेट मोटरस्पोर्टसाठी मान्य असलेल्या मानकाचेच हवे. दुचाकीचे हेल्मेट चालत नाही. शिवाय त्यावर तपासनीसाने लावलेली मोटरस्पोर्ट यूकेची खूणचिठ्ठी असावी लागते. हेल्मेट कोणाकडून जुने घेऊ नये, कारण ते कधी आपटले आहे काय, हे बाहेरून कळत नाही. अग्निरोधक ओव्हरऑल आणि हातमोजेही आवश्यक असतात. ओव्हरऑल मात्र जुने घेण्यास हरकत नाही. फक्त मानकाचे लेबल शाबूत आणि आजच्या नियमांत बसणारे असल्याची खात्री करून घ्यावी. प्रवेश शुल्क ठिकाणानुसार साधारणपणे १०० ते २०० पौंडांच्या दरम्यान असते. त्या पैशांत प्रत्यक्ष गाडी चालवण्याची वेळ मिनिटांतच मोजावी लागते, याची मनाची तयारी ठेवा. हिशेबी माणसाला हे पटत नाही आणि त्याला पटवण्याचा प्रयत्न मी केव्हाच सोडून दिला आहे.

मीनल_डर्बी

टेकाडकरांनी सांगितलेल्या गोष्टींत दोन मुद्द्यांची भर घालते.

पहिला मुद्दा असा की, स्पर्धेत उतरण्यापूर्वी एखाद-दुसऱ्या वेळी मार्शल, म्हणजे मार्गावर सुरक्षा सांभाळणारा स्वयंसेवक, म्हणून काम करावे. त्यासाठी मोटरस्पोर्ट यूकेकडे नाव नोंदवून प्राथमिक प्रशिक्षण ऑनलाइन घेता येते. प्रेक्षकांच्या कुंपणामागून जे दिसत नाही, ते मार्शलच्या चौकीवरून दिसते. एकाच वळणावर दिवसभर उभे राहिल्यावर कोणती गाडी ब्रेक कुठे लावते, कोणाचे आतले चाक उचलले जाते आणि वेगवान वाटणारा चालक प्रत्यक्षात केवळ घसरतच कसा असतो, हे समजू लागते. स्पर्धकांशी ओळखी होतात त्या वेगळ्याच.

दुसरा मुद्दा खर्चासंबंधी आहे. एकच गाडी दोघांनी चालवण्याची पद्धत इथे सर्रास असून नियमांतही तिला मुभा आहे. आम्ही नवरा-बायको एकाच गाडीने भाग घेतो. गाडीवरील क्रमांक प्रत्येक धावेआधी बदलावा लागतो आणि दोन धावांच्या मध्ये पुरेसा वेळ मिळावा म्हणून आयोजक दोघांना यादीत दूर ठेवतात. मी नंतर धावते, त्यामुळे मला थोडे तापलेले टायर मिळतात. घरात यावरून होणारी चर्चा मी येथे देत नाही.

पहिल्या स्पर्धेसाठी माझे मत निःसंशय कर्बरोला आहे. मार्ग सपाट असून बहुतेक ठिकाणी चूक झाली तर गाडी गवतावर जाते. शेल्सलीला मार्गाच्या कडेला लागूनच मातीचे उंच बांध आहेत आणि त्या बांधांना नवखा कोण व जुना कोण, हे कळत नाही.

कोव्हेंट्रीकर

टेकाडकर, मीनलताई, मनःपूर्वक आभार. मार्शलच्या प्रशिक्षणासाठी आजच नाव नोंदवतो.

आणखी दोन शंका आहेत. सर्किटवरील ट्रॅक डेसाठी (म्हणजे स्पर्धेविना आपली गाडी सर्किटवर चालवण्याच्या दिवसासाठी) मी गाडीला उच्च तापमानाचे ब्रेक पॅड बसवून घेण्याच्या विचारात होतो. तेच येथेही चालतील काय? आणि प्रत्यक्ष स्पर्धेचा दिवस कसा जातो, हे कोणी क्रमाने सांगू शकेल काय?

टेकाडकर

पॅडविषयी आधी सांगतो, कारण त्यात आपले पैसे वाचतील. शेल्सलीचा मार्ग १००० यार्डांचा, म्हणजे ९१४ मीटरचा आहे. आपल्यासारख्या गाडीला नवख्या चालकाकडून तिथे सुमारे ४० सेकंद लागतील. उभ्या स्थितीतून निघूनही ही सरासरी ताशी ८२ किलोमीटर भरते. विक्रम मात्र २३ सेकंदांच्या आतला आहे, म्हणजे सरासरी ताशी १४३ किलोमीटरच्याही वर. एवढ्या अल्पवेळेत आणि तेही चढावर ब्रेकना तापण्याची संधीच मिळत नाही. जे पॅड गरम झाल्यावरच पकड घेतात, ते पहिल्या वळणावर थंड असतात आणि शेवटच्या वळणावरही जवळजवळ थंडच असतात. त्यामुळे मूळचे चांगल्या प्रतीचे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल एवढे पुरेसे आहे.

टायरच्या हवेचेही असेच आहे. ट्रॅक डेला टायर तापून दाब वाढणार म्हणून आपण सुरुवातीला हवा कमी ठेवतो. येथे दाब वाढतच नाही. म्हणून ज्या दाबावर टायर उत्तम काम करतो, त्याच्या जवळपासच हवा ठेवून निघावे लागते. टायरच्या मान्य याद्या नियमपुस्तिकेत असतात आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर्गांत त्या यादीबाहेरचा टायर चालत नाही. गाडीवर पैसे खर्च करायचेच असतील, तर पहिल्या वर्षी ते टायरवर करावेत. इंजिन, एक्झॉस्ट, सस्पेन्शन यांपैकी कशालाही हात लावू नये. गाडीतील प्रत्येक बदल तिला वरच्या वर्गात ढकलू शकतो आणि तिथे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक तयारीच्या गाड्या असतात. वर्ग इंजिनाच्या आकारमानानुसारही पाडलेले असतात. आपले दोन लिटरचे, टर्बोविरहित इंजिन १४०० ते २००० सीसीच्या वर्गात सहज बसते. टर्बो असता तर आकारमानाला गुणक लागून गाडी वरच्या वर्गात गेली असती.

गाडीवर काही लहान गोष्टी मात्र अनिवार्य आहेत. पुढच्या भागावर टायमिंग स्ट्रट, म्हणजे सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची व ५ सेंटीमीटर रुंदीची, चमक नसलेली काळी उभी पट्टी बसवावी लागते. प्रारंभरेषेवरील आणि अंतिम रेषेवरील प्रकाशकिरण ती तोडते व त्यावर घड्याळ चालते. ती जमिनीपासून किती उंचीवर असावी, हेही ठरलेले आहे. बॅटरीच्या अर्थ वायरवर पिवळी खूण हवी, इग्निशन बंद करण्याची दिशा दाखवलेली असावी आणि ओढण्याची कडी ठळक दिसावी. गाडीतील सुटे सामान, पायाखालच्या मॅटसुद्धा, काढून ठेवावे. तपासनीस बॅटरी हाताने हलवून पाहतो आणि ती हलली, तर पुढे काही बोलण्यास जागा उरत नाही.

आता दिवसाविषयी. सकाळी नोंदणी आणि गाडीची तपासणी होते, त्यानंतर नवख्यांनी मार्ग पायी चालून पाहावा. हे चालणे कोणी टाळू नये. गाडीत बसून जो चढ जाणवत नाही तो पायांना जाणवतो, डांबरावरचे ठिगळ कुठे आहे ते दिसते आणि झाडांच्या सावलीत सकाळी किती वेळ दव टिकते याचा अंदाज येतो. शेल्सलीला केनेल हे पहिले वळण सौम्य आहे, पुढे क्रॉसिंग आणि त्यानंतर एसेस म्हणून ओळखली जाणारी डावी-उजवी जोडी येते. येथे बांध इतके जवळ आहेत की पुढचे वळण आधीच्या वळणातून दिसतच नाही. वेळ तिथेच मिळते किंवा जाते, कारण नंतरचा सरळ चढ संपेपर्यंत त्या वळणातून काढलेला वेगच उपयोगी पडतो.

साधारणपणे सरावाच्या दोन आणि वेळेच्या दोन धावा मिळतात. वेळेच्या धावांतील उत्तम वेळ ग्राह्य धरली जाते. प्रारंभरेषेवर गाडी लावली की एक मार्शल मागच्या चाकाखाली लाकडी पाचर ठेवतो, त्यामुळे चढावर हँडब्रेकशी झगडावे लागत नाही. हिरवा दिवा लागला म्हणजे त्याच क्षणी निघावे असे नव्हे. गाडी हलून किरण तुटेपर्यंत घड्याळ थांबलेलेच असते. दिव्याकडे पाहून दचकून सुटणारे नवखे अनेक असतात, आणि त्याचा फायदा त्यांना शून्य मिळतो. निकालपत्रात पहिल्या ६४ फुटांची वेळही स्वतंत्रपणे दिलेली असते. फिएस्टासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची खरी परीक्षा येथे होते. चढावर आणि प्रवेगात वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि जास्त रेसवर क्लच सोडला की ती जागच्या जागी फिरतात. कमी रेस ठेवून क्लच हळुवार सोडणाऱ्याचा आकडा पुष्कळदा चांगला येतो.

जुनी_पुजो

टेकाडकरांच्या बहुतेक सूचना मान्य आहेत. परंतु रोजची गाडी स्पर्धेत वापरण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही.

स्पर्धेच्या परवानगीबरोबर येणारा विमा हा त्रयस्थांच्या नुकसानीसाठी असतो. गाडी बांधावर आदळली, तर दुरुस्तीचा खर्च आपल्या खिशातून जातो, आणि रस्त्यासाठी घेतलेली नेहमीची पॉलिसी स्पर्धेतील नुकसान भरून देत नाही. सोमवारी सकाळी ज्या गाडीने कामावर जायचे आहे, तीच गाडी रविवारी पणाला लावणारा माणूस एकतर भीतभीत चालवतो किंवा एका क्षणी भीती विसरतो; आणि हा दुसरा प्रकार अधिक महाग पडतो. त्यापेक्षा एखादी जुनी, हलकी गाडी केवळ याच कामासाठी घ्यावी. मी स्वतः जुनी पुजो १०६ वापरतो. हलक्या गाडीला टायर कमी लागतात, ब्रेक कमी लागतात आणि तिचे सुटे भाग भंगारातूनही मिळतात.

टेकाडकर

आपला विम्याचा मुद्दा निर्विवाद आहे आणि कोव्हेंट्रीकरांनी तो गांभीर्याने घ्यावा. मात्र दुसरी गाडी म्हणजे दुसरा कर, दुसरा विमा, तिची वार्षिक तपासणी आणि ती उभी करण्यासाठी जागा. हा खेळ आपल्याला आवडतो की नाही, हे कळण्यापूर्वीच एवढा पसारा मांडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या गाड्या नंतर विक्रीच्या जाहिरातींतच अधिक दिसतात. एक हंगाम आहे त्या गाडीने, सपाट स्प्रिंटपासून सुरुवात करून, बेताने काढावा आणि मग ठरवावे, असे माझे मत कायम आहे.

मधला मार्गही आहे. प्रेस्कॉट आणि यॉर्कशरमधील हेअरवुड या दोन्ही टेकड्यांवर चालकांसाठी प्रशिक्षणवर्ग भरतात. तिथे आपलीच गाडी घेऊन, घड्याळाचे दडपण न घेता, त्याच टेकडीवर शिक्षकाच्या देखरेखीखाली धावा करता येतात. एका स्पर्धेच्या दिवशी मिळतात त्याहून अधिक धावा तिथे मिळतात, म्हणून शुल्क जास्त असले तरी ते वाया जात नाही.

सांगवीचा_संजू

धागा आवडीने वाचत आहे. आपल्याकडे घाटांची काय कमी आहे! ताम्हिणीत पावसाळा वगळता असे काही का होत नाही? काही मुले रात्री घाटात गाड्या पळवतातच. मग त्यालाच रीतसर रूप का देऊ नये?

नाशिकचा_नेव्हिगेटर

संजू, रात्री घाटात होते ती स्पर्धा नव्हे. समोरून येणाऱ्या टेम्पोचालकाला आपण स्पर्धेत आहोत, हे कोणी विचारलेले नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा असून त्यासाठी दंड आणि कारावास या दोन्हींची तरतूद आहे.

रीतसर मार्ग मात्र उपलब्ध आहेत. भारतातील मोटरस्पोर्टचे नियमन एफएमएससीआय ही संघटना करते आणि चालकाचा परवाना तिच्याकडूनच घ्यावा लागतो. इंग्लंडमधील स्प्रिंटला सर्वांत जवळचा आपल्याकडील प्रकार म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात किंवा धावपट्टीवर शंकू मांडून आखलेल्या मार्गावर एकेक गाडी वेळेसाठी धावते. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई आणि कोइंबतूरचे कारी ही कायमस्वरूपी सर्किटे आहेत, परंतु पुण्याहून ती लांब पडतात. सुरुवातीला आपल्या घरच्या गाडीने टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे वेळ-वेग-अंतर) रॅली करावी, असे मी सुचवेन. तिच्यात वेगाला नव्हे, तर ठरवून दिलेली सरासरी अचूक राखण्याला गुण असतात, म्हणून ती चालू रस्त्यावर वाहतुकीचे नियम पाळूनच होते. आणि वळणातील रेषा, ब्रेकची जागा व चढत्या-उतरत्या वजनाचे भान स्वस्तात शिकायचे असेल, तर कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकची वाट धरावी. तिथून देशपातळीवरील चालक तयार झाले आहेत.

घाट बंद करून स्पर्धा घ्यायची, तर शासनाची संमती, पोलीस बंदोबस्त, रुग्णवाहिका, वळणावळणावर प्रशिक्षित मार्शल आणि ज्यांचा तोच एकमेव रस्ता आहे अशा गावांची राजीखुशी, इतके सारे जमवावे लागते. रॅलीसाठी आम्ही हे जमवतो, म्हणून त्याची किंमत ठाऊक आहे. टेकडी क्लबच्याच ताब्यात असण्याचे मोल टेकाडकरांच्या पहिल्या प्रतिसादात आले आहे.

कोव्हेंट्रीकर

सर्वांचे आभार. दोन्ही बाजू वाचून असे ठरवले आहे की, या हंगामात आधी मार्शलचे काम, मग प्रेस्कॉटचा प्रशिक्षणवर्ग आणि त्यानंतर कर्बरोची एक स्प्रिंट करावी. पुजोचा विचार त्यानंतर करेन. गाडी मूळ स्थितीतच राहील. एकच शंका उरते : स्पर्धेच्या दिवशी पाऊस असेल तर नवख्याने माघार घ्यावी काय?

मीनल_डर्बी

मुळीच नाही. पावसात शक्तिमान गाड्यांचा फायदा कमी होतो आणि आपल्या वर्गातील अंतरे आकसतात. टायरवरील खोबण मात्र पुरेशी असावी आणि सरावाच्या पहिल्या धावेत वेळेकडे पाहू नये. पांढऱ्या रेषांवर चाक नेऊ नका. ओल्या असताना त्या अत्यंत निसरड्या होतात. रांगेत थांबलेले असताना काच धुक्याने भरते, म्हणून हेल्मेट घालण्यापूर्वीच पंखा सुरू ठेवा. रांगेत गवतावरून यावे लागले, तर टायरला चिकटलेला चिखल प्रारंभरेषेआधी फडक्याने पुसून घ्या. आम्ही त्यासाठी जुनी चादर ठेवतो.

कर्बरोच्या प्रवेशिका खुल्या झाल्या की लगेच अर्ज भरा आणि त्यात आपली पहिलीच स्पर्धा असल्याचे नमूद करा. आयोजक शक्यतो जुन्याजाणत्या स्पर्धकाला आपल्या सोबतीस देतात. यादी भरली असेल तर राखीव यादीत नाव राहू द्या; शेवटच्या आठवड्यात कोणाचा ना कोणाचा गिअरबॉक्स हमखास निकामी होतो आणि जागा रिकामी होते.